मुकी काठी

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे पूर्वी झाडू असायचा. आता तिथे काठ्या असतात. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायच्या, हातभर लांबीच्या काठ्या. एक हिरवी, एक पांढरी, एक इतकी लवचीक की नुसती उचलली तरी टोक मान टाकतं, आणि एक अशी, जिची बुचाची मूठ माझ्या नवऱ्याने चाकूने तासून तासून पेन्सिलीएवढी केलीय. झाडू तळघरात गेला. फ्रीजमध्ये लोण्याच्या शेजारी भुशात घोळवलेल्या अळ्यांचा डबा असतो, आणि सकाळी अर्धवट झोपेत मला झाकण नीट बघून उघडावं लागतं. हे सगळं मी लग्न झाल्यापासून सोसत आलेय, त्याबद्दल तक्रार नाही. विस्कॉन्सिनच्या बर्फात जन्मलेल्या बाईने ती करूही नये. माझी तक्रार या हिवाळ्याची आहे.

या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याला, वेंडेलला, एकही काठी पसंत पडेना.

पहिली मोडीत निघाली ती त्याची स्वतःची जुनी. तरुणपणी एका मोडलेल्या काठीचं टोक घेऊन, त्याला मेपलच्या लाकडाची मूठ बसवून त्याने ती घरी केली होती. जन्मभर तिच्यावर मासे धरले. यंदा बर्फ धरल्यावर दोनदा तळ्यावर गेला, रिकामी बादली घेऊन परत आला आणि म्हणाला, "मुकी झाली ही. बोलत नाही. जाळून टाक." मी जाळली नाही. चुलीखाली गेलेले चमचे तिने छान बाहेर निघतात.

मग नव्या काठ्या सुरू झाल्या. प्रत्येक काठी दुकानात असताना सोन्याची आणि तळ्यावर गेली की मातीची.

आता, ज्यांना आमचे ब्लूगिल मासे ठाऊक नाहीत त्यांना हे वेड वाटेल. तळहाताएवढा मासा, तव्यात चार मावतात, पण कडाक्याच्या थंडीत त्याचे नखरे नव्या नवरीचे. तो गळाला झटका देत नाही. अळी हळूच तोंडात घेतो, तिथेच उभा राहतो, विचार करतो, आणि आवडली नाही तर थुंकून टाकतो. वर बसलेल्या माणसाला कळणार काय, तर दोऱ्याचं वजन जरासं बदलतं. बस, तेवढंच. ते काठीतून बोटांत यायला हवं आणि बोटांनी त्याच क्षणी ओळखायला हवं.

वेंडेलची बोटं ओळखायची. नोकरीच त्याने बोटांवर केली. चीजच्या कारखान्यात माल पारखायचा. चीजचा तुकडा अंगठा आणि बोटांमध्ये चोळायचा आणि सांगायचा, ही वडी अजून मुरू द्या, त्या वडीत ओल राहिलीय. तळ्यावरही तसंच. तो काठीकडे बघायचाच नाही. बर्फावरच्या आमच्या खोपटाचं दार किलकिलं ठेवून बाहेर बघत बसायचा. कुणाचा ट्रक आला, कुणाचं बर्फाला भोक पाडायचं गिरमिट बंद पडलं, किनाऱ्याला कोल्हा दिसतोय का. बोलता बोलता मनगट जरासं हलायचं आणि मासा वर.

आणि त्याचा माज! माझा थोरला भाऊ क्लीटस काही वर्षांपासून काठीच्या टोकाला एक बारीक तार लावतो, पुढे लाल मणी. मासा लागला की तार वाकते, म्हणजे बोटांना कळलं नाही तरी डोळ्यांना दिसतं. पहिल्या दिवशी वेंडेलने ती तार पाहिली आणि सगळ्या तळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय रे क्लीटस, हात विकून डोळे घेतलेस काय?" क्लीटस हसला. त्यानंतर दर हिवाळ्याला हा प्रश्न ठरलेला, आणि क्लीटसचं हसणंही ठरलेलं.

त्या माणसाला यंदा एक मासा लागेना. शुक्रवारी आम्ही क्लबात जाऊन विकतचे तळलेले मासे खाल्ले. राईचा पाव, कोबी, सगळं होतं, पण वेंडेल ताटातून मान वर काढेना. घरी येताना गाडीत म्हणाला, "एक शेवटची काठी घेतो. पुढच्या आठवड्यात शनिवारी तिच्यावरही मासा नाही लागला तर खोपटं विकून टाकतो. गिरमिट, घसरगाडी, सगळं."

लोकांना वाटेल, सुटली बाई. छे! नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत हा माणूस स्वयंपाकघरात खिडकीशी बसून राहणार, मी कांदा कसा कापते ते सांगणार, आणि हळूहळू तेही सांगायचं बंद करणार. असे म्हातारे मी पाहिलेत. एकदा बर्फावर जायचं सोडलं की ते खुर्चीतून उठत नाहीत.

एरवीही त्याचं काहीतरी बिनसलेलंच होतं. शर्टाची बटणं मला लावायला लावायचा. म्हणे, हल्ली बटणंच बारीक करतात. कप हातातून निसटायचा. म्हणे, हल्ली कानच नीट बसवत नाहीत. शुगर आहे त्याला. डॉक्टरने पानगळीच्या दिवसांत बोलावलं होतं, तेव्हा हरणांच्या शिकारीचा मोसम होता. मग थँक्सगिव्हिंगचा सण आला. मग बर्फ धरला. बर्फ धरल्यावर कोण डॉक्टरकडे जातं? मी बोलून बोलून थकले होते.

तर त्या शेवटच्या काठीसाठी गुरुवारी आम्ही डॅरलच्या दुकानात गेलो.

डॅरलचं दुकान म्हणजे गावाची चावडी. एका भिंतीला जिवंत माशांच्या टाक्या बुडबुडत असतात, मधे शेगडी, शेगडीभोवती काहीही विकत न घेणारी चारपाच माणसं. डॅरल आमच्या चर्चमध्ये खालच्या पट्टीत गातो. त्याने सूर लावला की बाकांचं लाकूड घुमतं.

आमच्याकडे काठी पारखायची रीत अशी. घेणाऱ्याने मूठ हातात धरायची आणि टोक सोबतच्या माणसाच्या कंठाला टेकवायचं. त्याने बोलायचं. काठी जिवंत असेल तर त्याचा आवाज तुमच्या बोटांत उतरतो. जितकी हळवी काठी तितका स्पष्ट. नवरे बायकांना घेऊन येतात ते यासाठी, प्रेमाबिमाने नव्हे.

लग्न झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात वेंडेलने मला असंच उभं केलं होतं. मला भूक लागली होती, पाय गारठले होते. मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "छान आहे ही, घे." त्याने डोळे मिटले होते. म्हणाला, "चिडलीयेस." सगळं दुकान हसलं. मीही हसले. तेव्हापासून ती त्याची ठरलेली गंमत, काठी लावायची आणि माझा पारा सांगायचा. कधी चुकला नाही.

या वेळी त्याने पहिली काठी माझ्या कंठाला टेकवली. मी सवयीने हनुवटी वर केली.

"बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही बोल. घरी तर थांबत नाहीस."

शेगडीजवळचे हसले.

"ही काठी घे आणि घरी चल. मला पाव भट्टीत टाकायचाय."

त्याने डोळे मिटलेले. कपाळाला आठ्या. मग काठी खाली ठेवली. "मुकी."

दुसरी घेतली. मी पुन्हा पावाचं सांगितलं. "मुकी." तिसरी. मी पाव, लोणी, कपडे, त्याच्या बहिणीचा वाढदिवस, सगळं सांगून टाकलं. "मुकी."

डॅरल काउंटरवर वाकून म्हणाला, "वेंडेल, अहो, ही अख्ख्या काउंटीतली सगळ्यात हळवी काठी आहे. हिच्यावर माशी बसली तरी कळतं."

"मग माशीला विक."

"एकदा परत बघा तरी."

"आर्लिसच्या आवाजात दम उरला नाही," माझ्याकडे बोट करत वेंडेल म्हणाला. "डॅरल, तू ये इकडे. तू गा."

डॅरल बिचारा काउंटरच्या बाहेर आला, टोपी काढली, मान वर केली आणि नाताळातलं एक भजन खालच्या सुरात सुरू केलं. काचेच्या कपाटातले गळ खुळखुळले. टाकीतले मासे एका कोपऱ्यात गेले. वेंडेल डोळे गच्च मिटून उभा. डॅरलचं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं.

"नाही," वेंडेल म्हणाला. "काहीतरी... नाही. मुकीच."

तिथे माझं डोकं फिरलं. दुकानातली निम्मी माणसं माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती आणि हा माणूस देवाघरच्या आवाजालाही नावं ठेवत होता. मी म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं!" आणि दाराजवळच्या पिंपातून लहान मुलांची एक काठी उचलली. जाडजूड, गुलाबी, मुठीवर हसऱ्या माशाचं चित्र. टोक सरळ त्याच्या कंठाला लावलं. "आता तू बोल. बघूया मुकी कोण आहे ते."

"काय लावलंयस हे? लोक बघताहेत."

आला. आवाज माझ्या तळव्यात आला. त्या भिकार गुलाबी काठीतून एक एक शब्द आला, 'लोक' वेगळा, 'बघताहेत' वेगळा. काडेपेटीत माशी अडकावी तसा माझ्या बोटांशी गुणगुणला.

मी त्याच्या हाताकडे बघितलं. बटणं, कप, रिकाम्या बादल्या, दारामागच्या काठ्या, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. ती म्हण अजून माझ्या जिभेवर गरम होती.

माझा चेहरा त्याने वाचला असणार, कारण त्याने पुढे वादच घातला नाही. हाताशी होती ती सगळ्यात महाग काठी उचलली, डॅरलला म्हणाला, "हीच दे," आणि पावतीही न घेता बाहेर पडला.

गाडीत मी म्हणाले, "वेंडेल, तुझी बोटं बधिर झालीयेत."

"थंडीने."

"दुकानात शेगडी पेटलेली होती."

"त्या काठ्याच मुक्या होत्या."

"डॅरलच्या आवाजाने कपाट हललं! सोमवारी डॉक्टरकडे जायचं."

"शनिवारी तळ्यावर जायचं," तो म्हणाला. "मासा लागला तर बोटं ठणठणीत. नाही लागला तर खोपटं विकतो. मग त्या बोटांचं काय लोणचं घालायचंय?"

या माणसाशी काय बोलणार? चीजच्या वडीतली ओल अंगठ्याला कळायची, आणि स्वतःच्या अंगठ्याचं काय झालंय ते बघायला तयार नाही. मला इतका राग आला होता की रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा वेगळा राग.

शनिवारी मी म्हणाले, "मी येतेय."

"तू? तुला थंडी सोसत नाही."

"नाही सोसली तर सांगेन."

निघताना दारामागची त्याची जुनी काठी मी उचलली. त्याने पाहिलं आणि गाडी सुरू केली.

आमचं खोपटं म्हणजे लाकडी पेटी. दोन बादल्या उलट्या टाकून बसायचं, मधे गॅसची छोटी शेगडी, प्रत्येकाच्या पायांशी एक भोक. बाहेर वारा बर्फाची पूड उडवत होता. क्लीटसचं निळं खोपटं जरा पलीकडे होतं, धुराड्यातून धूर निघत होता. वेंडेलने माझ्या गळाला अळी लावायला घेतली. अळी त्याच्या बोटांतून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मी ती काढून घेतली आणि स्वतःच लावली. दोघांनीही ते बघितलं नाही असं केलं.

मग बसलो. नवी काठी हातात घेऊन वेंडेल टोकाकडे टक लावून बघत होता. पापणी हलवत नव्हता. मला काय बघायचं ते ठाऊक नव्हतं म्हणून मी दाराच्या फटीतून बाहेर बघत होते. कुणाचा तरी कुत्रा पाय उचलून उचलून बर्फावरून चालला होता.

माझ्या हातात दोरा जरासा जड झाला. कसा सांगू? विणताना लोकरीचा धागा पलीकडे कुणीतरी हळूच धरून ठेवावा तसा. मी ओढला. ब्लूगिल वर आला, नारिंगी पोटाचा, चांगला रुंद.

"नशीब," वेंडेल म्हणाला.

दुसरा आला. तो म्हणाला, "तुझ्या भोकाखाली थवा आहे. जागा बदल."

आम्ही जागा बदलल्या. एकमेकांच्या अंगावरून, शेगडी ओलांडून, त्या पेटीत दोन म्हाताऱ्यांनी. मी त्याच्या भोकात दोरा सोडला. मासा आला. मला तर मासे धरायची हौससुद्धा नाही!

"ती काठी दे," तो म्हणाला. "माझी आहे ती."

मी जुनी दिली, नवी घेतली. डॅरल खोटं बोलला नव्हता, माशी बसली तरी कळेल अशीच होती ती. मासा आला. आवाज होऊ नये म्हणून मी तो खाली वाकून बादलीत ठेवला. त्याने तरी काय होणार होतं. मासा बादलीत फडफडला आणि ते सगळ्या खोपटाला ऐकू आलं.

दोरा वर घेऊन बघायचा तर वेंडेलच्या गळावरची अळी दर वेळी गायब. म्हणजे त्याच्याकडेही मासे येत होते. येत होते, तोंडात घेत होते, खाऊन जात होते.

"हातमोजा आड येतो," असं म्हणून त्याने उजव्या हाताचा मोजा ओढून काढला आणि पायांशी टाकला. कोपर गुडघ्यावर, हात पुढे, मूठ आवळलेली. टोकाकडे बघत बसला. मी बाहेर बघू लागले. मला आता मासा लागू नये अशी मी देवाची करुणा भाकत होते. चर्चमध्ये इतक्या कळकळीने मी कधी काही मागितलं नसेल.

वास आला. पिसं जळाल्यासारखा.

"तुझा बूट बघ," वेंडेल म्हणाला, "शेगडीला लागलाय."

मी बूट बघितला. बूट लांब होता. मग मी त्याच्या हाताकडे बघितलं. करंगळी आणि तिच्या खालची कड शेगडीच्या जाळीला टेकली होती. टेकलेलीच होती. तो टोकाकडे बघत होता.

"वेंडेल! हात!"

मी त्याचं मनगट धरून ओढलं, काठी खाली पडली. करंगळीची कड लाल आणि पांढरी झाली होती, जाळीच्या दोन रेघा चक्क उमटल्या होत्या. मी भोकातलं पाणी ओंजळीने त्याच्यावर ओतत राहिले. तो बघत होता, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा.

"दुखत नाही," तो म्हणाला. पहिल्यांदा म्हणाला तो बढाई मारल्यासारखा. मग थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "आर्लिस, दुखत नाही गं." हे दुसरं मला ऐकवेना.

माझा सगळा राग कुणावर काढावा ते कळेना. प्रथमोपचाराच्या डब्यातून पट्टी काढली, मलम लावलं, करंगळी गुंडाळली. शेगडी लाथेने मागे सरकवली. तो भोकातल्या काळ्या पाण्याकडे बघत बसला. मला वाटलं, आता म्हणणार, चल, विकूया.

"क्लीटसकडे," तो म्हणाला, "ती तार असेल."

"असेल."

"तू जा. मी नाही जाणार मागायला."

मी गेले. वाऱ्यात तोंडाला पूड झोंबत होती. क्लीटसच्या दारावर थाप मारली आणि आत शिरले. तो शांतपणे बसला होता, समोर तारेचा लाल मणी डुलत होता, बादली अर्धी भरलेली.

"काय गं?"

"तार हवी. वेंडेलला."

क्लीटसने मान हलवली. काय, कशाला, काही विचारलं नाही. कोटाच्या आतल्या खिशातून तंबाखूचा चपटा डबा काढला, उघडला. आत एकच तार होती, गिटारची बारीक तार कापून केलेली, मणी ओवलेला, मागचं टोक वळवून ठेवलेलं.

"जुन्या काठीच्या मापाची आहे," तो म्हणाला. "नव्यांवर नाही बसायची."

"तू ही कधी केलीस?"

"गेल्या हिवाळ्यात."

"गेल्या? क्लीटस, मला तर परवा कळलं!"

"तू त्याच्या समोर बसत नाहीस ना. तो कायम बाहेर बघायचा, आठवतं? गेल्या हिवाळ्यात टोकाकडे बघायला लागला. मीही तसाच बघायला लागलो होतो, तार लावायच्या आधी."

"आणि तू गप्प बसलास? वर्षभर? तो माझं डोकं खातोय, काठ्यांनी घर भरलंय, हात भाजून घेतला त्याने आत्ता, आणि तू खिशात डबा ठेवून फिरतोयस!"

"सांगून ऐकलं असतं त्याने?" क्लीटस म्हणाला. "मी तरी कुणाचं ऐकलं होतं? माझ्या कोठारात जाऊन बघ किती काठ्या पडल्यात." मग भोकाकडे बघत म्हणाला, "हात किती भाजलाय?"

"करंगळी."

"माझा अंगठा भाजला होता. ने ती तार. आणि त्याला सांग, सवय व्हायला वेळ लागतो."

मला त्याला दोन शब्द आणखी सुनवायचे होते. पण त्याचा मणी खाली गेला आणि तो मासा काढायला लागला. मी निघाले.

वेंडेल जुनी काठी मांडीवर घेऊन बसला होता. त्याने तार हातात घेतली आणि ती त्याच्या बोटांतून पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मी काही न बोलता ती घेतली, काठीच्या टोकाला धरली आणि करंगळीला लावलेल्या चिकटपट्टीचाच आणखी एक तुकडा कापून गुंडाळली. बरोबर बसली, जराही ढिली नाही.

"काही म्हणाला?"

"सवय व्हायला वेळ लागतो म्हणाला."

"हसला?"

"नाही."

तो काठी उलटसुलट करून बघत राहिला. मग नाक उडवून म्हणाला, "लाल मणी काय उपयोगाचा? अंधारात दिसतो का? पुढच्या शनिवारी पिवळा लावू."

पुढच्या शनिवारी! मी बादली पायाने बाजूला सारली, जणू त्याने हवापाण्याबद्दल काही म्हटलं होतं. पण एवढ्यावर मी त्याला सोडणार नव्हते. खोपटं राहिलं म्हणून हाताचा प्रश्न सुटला असं होत नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने काठी उचलली आणि आडवी धरून तिचं टोक, तार जिथे बांधली होती तिथे, माझ्या कंठाला टेकवलं. टोक थंडगार होतं. तार माझ्या हनुवटीच्या खालून पुढे आली होती आणि मणी आम्हा दोघांच्या मधे लोंबत होता.

"बोल," तो म्हणाला.

मी हनुवटी वर केली.

"सोमवारी डॉक्टरकडे जायचं," मी म्हणाले. अगदी गोड आवाजात म्हणाले.

या वेळी त्याने डोळे मिटले नव्हते. तो मण्याकडे बघत होता. मणी थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला.

"चिडलीयेस," वेंडेल म्हणाला.